आमची वाटचाल : गाडी उघडल्याशिवाय विकायची नाही

वडिलांनी १९७८ साली गोव्यातल्या डिचोलीत हे सायकलचं दुकान टाकलं तेव्हा विकायला एकही सायकल नव्हती. भाड्याच्या सहा काळ्या गाड्या, एक पंप, सोल्युशनच्या ट्यूबा, पाण्याचं घमेलं आणि हर्क्युलिस सायकलचा एक मोडका चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), एवढंच भांडवल. तो चिमटा त्यांनी उलटा करून बाकाला ठोकला. त्यात चाक अडकवायचं, फिरवायचं आणि खडू टेकवून रिमचा आउट, म्हणजे तिचं डुलणं, बघायचा. खडू जिथे घासेल तिथल्या आऱ्याला अर्धी चावी, पुन्हा फेरी, पुन्हा खडू. आज दुकानात चांगला ट्रूइंग स्टँड आहे. तरी प्रत्येक चाकाची शेवटची फेरी मी त्या चिमट्यातच घेतो. स्टँडची सुई बघावी लागते, खडू मात्र ऐकू येतो.

पुढच्या चौतीस वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. दुकान चाललं. वडील थकले, मी बसलो. जूनमध्ये शाळकरी सायकली, चतुर्थीच्या आधी पोरांच्या रंगीत गाड्या, वर्षभर पंक्चर.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या आणि महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. डिचोली-साखळीचा रस्ता ज्यांनी त्याआधी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ट्रकांची रांग, टायरांखाली तांबडा चिखल, दुकानाच्या फळीवर रोज पुसावी लागणारी धूळ. ती धूळ एकाएकी बसली आणि तिच्याबरोबर बाजारही बसला. माझी उधारीची वही तेव्हा एक लाख चौऱ्याऐंशी हजारांची होती. त्यातली निम्मी नावं ट्रकवाल्यांची. पोराला सायकल नेली, पैसे पुढच्या ट्रिपला देतो म्हणाले, आणि पुढची ट्रिप झालीच नाही. कुणाच्या दारात जाऊन मागायचे? ट्रकचे हप्ते त्यांच्याच डोक्यावर होते. बेळगावच्या होलसेलवाल्याची दोन बिलं थकली. त्या दिवाळीत मी दोन सायकली विकल्या. बायकोने न मागता हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या सोडवायला मला तीन वर्षं लागली.

दुकानाची फळी भाड्याने द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मोबाइल रिचार्जवाला बघूनही गेला होता. तेवढ्यात, जानेवारी २०१४ मध्ये, मामा आले.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत, बाजारात सगळेच त्यांना मामा म्हणतात. वीस वर्षं खाणीवर ट्रक चालवला, ट्रक दारात उभा राहिला तेव्हा दोन म्हशी घेतल्या. पहाटे पाच वाजता दूध पोचवायचं, वाट चढउताराची, निम्मी डांबराची आणि निम्मी जुन्या खाणीच्या रस्त्याची. काळी सायकल चढणीला ढकलावी लागे. माझ्याकडे एक हार्डटेल (मागे शॉक नसलेली डोंगरवाटेची सायकल) चौदा महिने पडून होती: सव्वीस इंची चाकं, एकवीस गिअर, पुढे शॉक, दोन्हीकडे तारेचे डिस्क ब्रेक, किंमत साडेनऊ हजार. बेळगावहून हौसेने आणलेली, कुणी घेतली नव्हती. मामांनी ती पाच हप्त्यांत घेतली, मागे कॅरिअर लावला आणि दोन कॅन बांधले.

तिसऱ्या आठवड्यात परत आले. "भाई, ब्रेक लागना मरे." मागचं चाकही डुलत होतं. मी हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडला. छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) दाबून धरणारे कोन इतके आवळलेले की ॲक्सल बोटाने फिरेना. ग्रीस हरभऱ्याएवढं, तेही एका बाजूला. दुसऱ्या बाजूचे छर्रे कोरडे, त्यातले दोन झिजलेले. ही गाडी कारखान्यातून खोक्यात आली आणि मी खोक्यातून काढून, हँडल सरळ करून, हवा भरून विकली होती. मामा काही बोलले नाहीत. स्टुलावर बसून बघत राहिले. त्या दिवशी मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत आणि त्या दिवसापासून आमच्या दुकानातून न उघडलेली गाडी बाहेर गेलेली नाही. दोन्ही हब, हेडसेट (हँडलचं बेअरिंग), बीबीचा (पॅडलच्या दांड्याच्या बेअरिंगचा) खेळ, सीटच्या नळीला ग्रीस, दोन्ही चाकांचा आउट, केबलची टोकं. एका गाडीला तीन तास लागतात.

पुढे मामांच्या गाडीवर मी जे शिकलो, तेच आज प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. विचारलं नसलं तरी सांगतो, कारण आपल्याकडचा हिवाळा लोकांना कळलेला नाही. थंडी म्हणजे बर्फ नव्हे. आपल्याकडे पहाटे दंव पडतं, काजूचा पाला ओला होतो, त्याखाली जांभ्याचे सुटे खडे असतात, आणि नऊनंतर तीच वाट कोरडी धूळ उडवते. जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे साडेपाचला निघणाऱ्याचा दीड तास अंधारात जातो. आणि या सगळ्याआधी चार महिन्यांच्या पावसात गाडी व्हरांड्यात गंजलेली असते. म्हणून हिवाळ्याची तयारी चतुर्थी झाली की करायची, डिसेंबरात नव्हे.

पहिला खर्च टायरचा. स्वस्त गाडीला कारखान्याचा टायर येतो तो बहुधा १.९५ इंच रुंदीचा, कडक रबराचा. ओल्या जांभ्यावर तो घसरतो. २.१ किंवा २.२५ चा मऊ टायर घाला, पण आधी चेनस्टेमध्ये (मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या नळ्यांमध्ये) दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर जागा उरते का ते मोजा. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूब असताना तीस पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी. लोक दगडासारखं चाक करून आणतात आणि शॉक काम करत नाही म्हणून तक्रार करतात.

दुसरा ब्रेक. तारेच्या डिस्क ब्रेकला बहुतेक वेळा एकच पॅड हलतो, आतला जागेवर असतो. आतला पॅड डिस्कच्या अगदी जवळ आणायचा, मग तार ओढायची. मामांचा ब्रेक एवढ्यानेच लागला. दंवामुळे सकाळी डिस्क किंचाळते, दोनतीनदा दाबलं की थांबते. तिच्यावर कृपा करून डब्ल्यूडी-४० चा तेलकट फवारा मारू नका. दर हिवाळ्यात चारपाच जण मारतात आणि पॅड फुकट घालवतात. हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबाचा) ब्रेक घालायची हौस असेल तर आधी लिव्हर बघा. स्वस्त गाडीत ब्रेकचा लिव्हर आणि गिअरचा शिफ्टर बऱ्याचदा एकाच तुकड्यात असतात, मग ब्रेकबरोबर शिफ्टरही बदलावा लागतो आणि खर्च दुप्पट होतो.

तिसरा गिअर. चोर्ला घाट चढायचा म्हणून लोक थेट एक चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चक्र) आणि नवा गिअरसंच मागतात. त्याआधी मागची १४-२८ दातांची फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) काढून शिमानोची १४-३४ ची घाला, चेनला चार कड्या वाढवा. पुढे २४ दातांची चेनरिंग असेल तर केरीपासूनची सगळी चढण बसल्या जागी जाते, खाली अंजुणे धरणाचं पाणी बघत. मात्र फ्रीव्हीलच्या हबचं एक दुखणं आहे. त्यात उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत, मध्याकडे राहतात, ॲक्सलचं टोक आधाराविना बाहेर येतं. वजन पडलं की ते वाकतं, मग तुटतं. मामांचे दोन तुटले. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा मी त्यांना कॅसेटचा हब (यात छर्रे ॲक्सलच्या टोकाजवळ बसतात) घालून नवं चाक विणून दिलं, छत्तीस आऱ्यांचं, आउट वडिलांच्या चिमट्यात काढलेला. ते चाक आजही चालू आहे. गाडी घेतानाच कॅसेटचा हब आणि बदलता येणारा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा) मिळत असेल तर हजार-दीड हजार जास्त द्या, पुढचे तीन खर्च वाचतात.

शॉकला हात लावू नका. स्प्रिंगचा स्वस्त शॉक अडीच किलोच्या आसपास भरतो, मान्य, पण चांगला नवा शॉक बहुतेक टेपर (खाली रुंद होत जाणाऱ्या) नळीचा येतो, तो तुमच्या सरळ हेड ट्यूबमध्ये, म्हणजे फ्रेमच्या हँडलखालच्या नळीत, बसतच नाही. त्यापेक्षा रबरी सील वर करून आत साचलेली तांबडी माती पुसा. आणि चेनला तेल घातल्यावर फडक्याने कोरडी करा. आपली धूळ आणि ओलं तेल मिळून जी पेस्ट होते तिने मी सहा महिन्यांत चेन संपलेली पाहिली आहे.

आता त्या शोरूमबद्दल. नाव घेत नाही, डिचोलीत सगळ्यांना माहीत आहे.

२०१५ मध्ये खाणी थोड्या सुरू झाल्या, हातात पैसा आला, आणि पुढच्या वर्षी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर काचेचं शोरूम उघडलं. स्पर्धेबद्दल माझी तक्रार नाही. तेच खोकं, तोच मॉडेल, आमच्यापेक्षा अठराशे रुपये कमी. गिऱ्हाईक तिकडे जाणारच. पण त्यांचा पोरगा खोकं फोडून वीस मिनिटांत गाडी उभी करायचा. एक गाडी मी स्वतः पाहिली, पुढचा चिमटा उलटा बसवलेला, डिस्क डावीकडे असायची ती उजवीकडे. जवळच्या मये गावच्या उतारावर त्या गाडीवरून बारावीतला मुलगा पडला, मनगट मोडलं. त्याचे वडील ओरडायला आले ते आमच्या दुकानात, कारण आठवड्यापूर्वी पंक्चर काढून आम्ही सीटखाली आमचा स्टिकर लावला होता. मी त्यांना गाडीसमोर उभं करून चिमटा दाखवला, आणि तो सरळ बसवून दिला. ते शोरूममध्ये भांडायला गेले असतील असं मला वाटलं. गेले नाहीत.

उलट शोरूममधून गावभर एकच वाक्य फिरलं, की यांच्याकडे गाडी दिली की ओरिजिनल माल काढून घेतात. आम्ही हब उघडतो हे सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे ते लोकांना पटलं. ज्या कामाचा मला अभिमान, त्याचीच चोरी ठरली. एका वर्षात सर्व्हिसिंग निम्म्यावर आलं. ज्यांच्या तीन पिढ्यांनी आमच्याकडून सायकली नेल्या अशा घरातली माणसं गाडी सोडताना हबवर खिळ्याने खूण करून जायची. तो ओरखडा पुसताना काय वाटायचं ते मला लिहिता येत नाही.

मी भांडलो नाही. कापडी पिशव्या शिवून घेतल्या. गाडीतून जे काढलं ते, जुना कोन असो, झिजलेला छर्रा असो, केबलचा तुकडा असो, पिशवीत घालून नावाची चिठ्ठी लावून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला लागलो. लोकांनी आधी त्या कचऱ्यात टाकल्या. मामांनी ठेवल्या.

मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या. या वेळी आमच्या वहीत उधारी नव्हती, २०१२ नेच ती सवय मोडली होती. शोरूमची काच पुढच्या वर्षी कागदाने झाकली गेली. उरलेली अकरा खोकी विकायला काढली तेव्हा घ्यायला दुसरं कुणी नव्हतं, मीच घेतली. बायको म्हणाली, त्यांचा माल कशाला? मी म्हटलं, मालाने काय केलंय. अकराही गाड्या उघडल्या. सात हब कोरडे निघाले.

त्या अकरा गाड्या २०२० च्या लॉकडाउननंतर गेल्या. त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, ॲटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला, आणि इकडे लोक फोन करून विचारत होते की कुठलीही चालेल, सायकल आहे का. माझ्या वडिलांच्या सहा भाड्याच्या गाड्यांपैकी चार ॲटलस होत्या. त्या दिवशी मी काउंटरवर बसलो, पण हिशेब लिहिला नाही.

आता रविवारी पहाटे पणजी-पर्वरीकडची मुलं चोर्ल्याला जाताना आमच्याकडे थांबतात. दीड लाखाच्या गाड्या असतात, केबल आमच्याकडेच बदलून घेतात. तरीसुद्धा आपल्या गावातलं एखादं गिऱ्हाईक अजून हळूच विचारतं, हब तोच आहे ना? मी पिशवी पुढे करतो.

या वर्षी चतुर्थी झाल्यावर मामा गाडी ओव्हरहॉलिंगला घेऊन आले. फ्रेम तीच, साडेनऊ हजारांची. बाकी चाकं, टायर, ब्रेक, गिअर, सगळं एकेक करून बदललेलं. बरोबर एक मोठी पिशवी होती, तिच्यात आमच्या छोट्या पिशव्या. दोन तुटके ॲक्सल, चार चेन, पहिली १४-२८ ची फ्रीव्हील, डझनभर पॅड, सगळ्यांवर माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. पहिली २०१६ ची. "तुका कामाक येतलें," म्हणाले. मी दोन्ही ॲक्सल वडिलांच्या चिमट्याशेजारी खिळ्याला लावले आहेत. फ्रीव्हीलच्या हबची गोष्ट सांगताना आता ते हातात देता येतात.

सध्या रांगेत चौदा गाड्या आहेत. मामांची नववी. दूध पोचवायला त्यांना मी माझी गाडी दिली आहे.