किल्ली मागितली, पोपट आला

मदुराई आणि रामेश्वर झालं. गर्दी मरणाची होती, दर्शन मिळालं, एवढं पुरे. मला सांगायचंय ते कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल स्ट्रीटवरच्या एका दुपारबद्दल.

मला जुन्या किल्ल्या जमवायचा नाद आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी चकरा मारून घरी दोन बरण्या भरल्यात. कुलपं मात्र एकही नाही. बायको विचारते, "कुलूप नसलेल्या किल्लीचं करायचं काय?" काही नाही, हातात धरायची. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी अंगठ्याने घासून कडं गुळगुळीत झालेलं असतं, ते मला आवडतं. बास.

या गल्लीत चेट्टियारांच्या वाड्यांतून निघालेलं सामान विकतात. ब्रह्मदेश, सिलोन, मलायात सावकारी आणि व्यापार करून या मंडळींनी ब्रह्मी सागवानाचे खांब लावून घरं बांधली, एका रस्त्यावर पुढचं दार तर मागचं थेट दुसऱ्या रस्त्यावर. चौकाभोवतीच्या खोल्या लग्न झालेल्या एकेका मुलाच्या बिऱ्हाडाच्या आणि प्रत्येकीला वेगळं कुलूप. म्हणजे एका घरात किल्ल्या किती, विचार करा! आता वारसदार चेन्नईत नाहीतर परदेशात, आणि पाडलेल्या वाड्यांची दारं, खांब, भांडी इथे रस्त्यावर. पितळी डब्यावर मालकाची आद्याक्षरं कोरलेली दिसली आणि आमच्या आजीची नाव घातलेली पातेली आठवली. ती आम्ही मोडीतच दिली होती, तेव्हा चेट्टियारांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही.

तर, एका दुकानात शिरलो. म्हातारेबाबा पंख्याखाली पेपर वाचत बसलेले. इंग्रजी त्यांना नको होतं, तमिळ मला येत नव्हतं. हाताने कुलूप फिरवायचा अभिनय करत मी म्हणालो, "किल्ली, किल्ली." त्यांचा चेहरा उजळला. आत गेले आणि रंग उडालेला एक लाकडी पोपट घेऊन आले. तमिळमध्ये 'किळि' म्हणजे पोपट, हे नंतर कळलं. भर दुपारी परमुलखात माझा शब्दशः पोपट झाला.

मान हलवत, काहीच सुचेना म्हणून सहज पुटपुटलो, "अहो, चावी हो, चावी..."

"सावी! सावीयाऽ?" बाबा जवळजवळ ओरडलेच. पोर्तुगीजांचा 'शावि' आमच्याकडे चावी झाला आणि त्यांच्याकडे सावी. त्या दर्यावर्दी लोकांचे मी आयुष्यात पहिल्यांदाच आभार मानले.

मग फिल्टर कॉफी आली आणि पाठोपाठ गंजक्या किल्ल्यांनी भरलेलं घमेलं. तासभर मी जमिनीवर बसून होतो. तारेत ओवलेले जुडगे, पोकळ दांडीच्या किल्ल्या, दाते झिजलेल्या, एक तर वीतभर लांब आणि हातोडीसारखी जड. तिच्यावरच मन बसलं. बाबा मात्र कुलपाशिवाय द्यायला तयार नाहीत. दिंडिगुलचं आंब्याच्या आकाराचं कुलूप पुढे केलं. त्या गावच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय, पण मला नको होतं. शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला आणि पंधराशे सांगितले. नऊशेला तुटलं. जुन्या बाजारात हीच दोनशेला आणली असती, पण तिथे कॉफी कोण देतं?

परतताना विमानतळावर क्ष-किरण यंत्रापाशी बॅग बाजूला काढली. जवानाने किल्ली उलटीपालटी करून पाहिली, साहेबाला बोलावलं, साहेबांनी आणखी एकाला बोलावलं. तिघांचा मिळून एकच प्रश्न: "कुलूप कुठाय?"

किल्ली बरणीत मावत नाही, म्हणून सध्या फ्रीजवर आहे. पोपटही घ्यावा लागला, वेगळे चारशे देऊन. तो बायकोने दिवाणखान्यात ठेवलाय आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवते.