फुशिमी इनारीवरून परत आणलेले तीन डायपर

क्योटो, 9 एप्रिल, रात्र

चिऊ आत्ताच झोपली. उरलेले डायपर काढून मोजले, ते सात निघाले. उद्याचा दिवस त्यांत निभावेल, परवासाठी मात्र नवे पाकीट आणावे लागेल.

मुंबईहून निघताना मी दहा दिवसांचे साठ डायपर भरायला घेतले होते, आणि त्यांतच अर्धी बॅग भरली. तेव्हा हे शांतपणे म्हणाले, की लहान मुले जपानातही असतात. मग हिशेब नव्याने मांडला. सिंगापूरमार्गे घरापासून हॉटेलपर्यंत साधारण वीस तास, दर दोन तासांना एक याप्रमाणे दहा, विमानाला उशीर झाला किंवा पोट बिघडले तर चार, आणि पोहोचल्यावर पहिल्या दिवसाचे सहा, असे वीसच डायपर घेतले. तेही सगळे हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग वेळेवर मिळेलच याचा भरवसा नसतो. हा निर्णय योग्य ठरला. टोकियोत औषधे आणि प्रसाधने विकणाऱ्या पहिल्याच मोठ्या दुकानात डायपरची अख्खी भिंत होती. अक्षरे वाचता येत नसली तरी किलोचे आकडे आपल्यासारखेच छापलेले असतात, त्यामुळे साडेदहा किलोच्या चिऊसाठी 9 ते 14 किलोचे पाकीट लगेच सापडले. चिकटपट्टीचे की चड्डीसारखे, एवढे मात्र चित्र नीट पाहून ठरवावे लागले. उभ्या उभ्या बदलता येतात म्हणून चड्डीसारखेच घेतले.

मिळवण्याची काळजी अशी पहिल्याच दिवशी संपली, आणि टाकण्याची सुरू झाली. या देशात रस्त्यावर कचरापेटी जवळजवळ दिसत नाही. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर स्थानकांवरच्या पेट्या मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्या गेल्या, आणि आपला कचरा आपण घरी न्यायचा ही लोकांची सवय आहेच. चॉकलेटचा कागद खिशात ठेवता येतो. भरलेल्या डायपरचे काय करायचे, हे मला कुणी आधी सांगितले नव्हते.

ते सांगितले टोकियोत निशिकासाईला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने. "अगं, पावाच्या रिकाम्या पिशव्या टाकू नकोस," ती म्हणाली. इथल्या आया म्हणे याच पिशव्या जपून ठेवतात, कारण त्यांचे प्लास्टिक साध्या पातळ पिशवीपेक्षा वास कितीतरी जास्त अडवते. वास रोखणाऱ्या खास पिशव्या विकतही मिळतात, पण न्याहारीच्या पावाची पिशवी आयतीच हाताशी असते.

आज फुशिमी इनारीला, म्हणजे क्योटोतल्या डोंगरावरच्या देवस्थानाला, तिचा खरा उपयोग झाला. लाल तोरी कमानींतून चढत निम्म्या वाटेवर पोहोचलो असू, तेवढ्यात चिऊ एकदम गप्प झाली आणि माझा गुडघा घट्ट धरून उभी राहिली. मला लगेच कळले. वाटेच्या कडेला, लोकांच्या येण्याजाण्यापासून दूर, एका सपाट दगडी पायरीवर मेणकापड अंथरले. यांनी छत्री आडवी धरून आडोसा केला. डायपरच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडल्या, पुढून मागे पुसून घेतले, नवा चढवला, जुना घट्ट गुंडाळला आणि त्याच्या मागे असलेली छोटी चिकटपट्टी ओढून बंद केला. ही पट्टी ज्याने कुणी सुचवली असेल, त्याचे मी मनापासून आभार मानते. पिशवीला दोन गाठी मारल्या आणि ती पाठीवरच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. खाली येईपर्यंत असे तीन डायपर जमले होते, आणि शेजारी उभे राहूनही वास येत नव्हता.

दुपारी क्योटो स्थानकाजवळच्या एका मोठ्या दुकानातल्या बाळांच्या खोलीत गेलो. बदलण्यासाठी मऊ गादीचे ओटे, दूध कालवण्यासाठी गरम पाण्याचा नळ, अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी पडद्यामागे वेगळी जागा, आणि ओट्यांपर्यंत वडिलांनाही मोकळा प्रवेश. तिथे चिऊला यांनीच बदलले. आपल्याकडे प्रवासात हे काम माझ्याकडेच येते, कारण बदलायचा ओटा असलाच तर तो बायकांच्या स्वच्छतागृहात असतो.

रात्री खोलीवर आल्यावर तिन्ही डायपर उघडले आणि आतली घाण शौचकुपात टाकली; इथे डायपर जळणाऱ्या कचऱ्यात जातात, पण त्याआधी एवढे करावे अशी अपेक्षा असते. हे करताना मला गेल्या दिवाळीतला कोकणचा प्रवास आठवला. एका उपाहारगृहाच्या मागच्या उघड्या पिंपात मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला डायपर तसाच टाकला होता. डायपर नीट गुंडाळून वेगळा द्यावा, आणि त्यासाठीची पिशवी उत्पादकांनी पुरवावी, हे आपल्याकडच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही लिहिलेले होते. मला ते माहीत होते. तरी ते पिंप ज्याने हाताने उपसले असेल, त्याचा विचार मी त्या दिवशी केला नाही, याचे आज फार वाईट वाटले.

सकाळी खोली आवरायला येणाऱ्या बाईंसाठी तिन्ही डायपर पुन्हा पावाच्या पिशवीत घालून, गाठ मारून, इतर कचऱ्यापासून वेगळे ठेवले आहेत. उद्यासाठी दोन पिशव्या धुऊन खिडकीशी वाळत घातल्या आहेत.