कॉक बंद होता

गाडी मागणाऱ्याला नाही म्हणायची माझी एक पद्धत आहे. मी हो म्हणतो आणि किल्ली देतो. फक्त टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद असतो. कार्बोरेटरच्या वाटीत तीन-चार चमचे पेट्रोल उरलेलं असतं, तेवढ्यावर गाडी किलोमीटरभर जाते, दोन आचके देते आणि बसते. पोरगं घामाघूम होऊन ढकलत आणतं, "डॉक्टर, तुमच्या गाडीत काहीतरी फॉल्ट आहे" म्हणतं आणि पुढे सहा महिने मागत नाही. वाईटपणा नाही, भांडण नाही. ही युक्ती मी चार जणांना अभिमानाने सांगितलेली आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक. लोक डॉक्टर म्हणतात, दुरुस्त करणं मी केव्हाच सोडलं. चोपडा तालुक्यातली सातपुड्याच्या पायथ्याची गावं माझ्याकडे. गाडी स्प्लेंडर, कार्बोरेटरच्या जमान्यातली. मागे डाव्या अंगाला लोखंडी चौकट वेल्ड करून घेतली आहे आणि तिच्यात नायट्रोजनचा कंटेनर बसतो. आत उणे 196 अंश तापमान, त्यात गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. कंटेनर म्हणजे मोठा थर्मासच. दोन भिंतींच्या मधली पोकळी फुटली की बाहेरून पांढरं दव धरतं आणि बघता बघता नायट्रोजन उडून जातो. कांड्या गेल्या की त्या दिवशी माजावर आलेल्या सगळ्या गायी गेल्या, म्हणजे पुढच्या माजापर्यंत एकवीस दिवस वाट. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी गाय भरायची, म्हणजे कृत्रिम रेतन करायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. या हिशोबात "दोन मिनिटं चक्कर मारून येतो" कुठे बसवायचं? पण हे सांगून कोणाला पटत नाही. लोकांना वाटतं, सरकारी माणूस, पेट्रोल फुकटचं, तरी जीव जातो याचा.

मागणारे तरी किती तऱ्हेचे! लग्नात नारळ आणायचाय. दळण टाकायचंय. होळीआधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो, त्या आठवड्यात तर किल्ली खिशात नाही, मुठीत ठेवावी लागते. पंच मंडळींच्या पोरांना कारण द्यायची गरजच वाटत नाही, ते सरळ सीटवर येऊन बसतात.

कायदाही माझ्याच बाजूने आहे. 2019 च्या दुरुस्तीपासून अठराखालच्या पोराच्या हाती गाडी दिली आणि त्याने कायदा मोडला तर मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. हे मी पहिल्या वर्षी सगळ्यांना समजावून सांगायचो. "आठे कोण पाहस?" एवढंच उत्तर मिळायचं. म्हणून मग कॉक.

आता त्या दिवसाचं.

मे महिना, दुपारचे दोन. एका आबांची पहिलारू गाय सकाळपासून अडलेली. नऊ महिन्यांपूर्वी मीच भरली होती. लहान चणीची गाय, मी गीरची कांडी काढत होतो, पण आबांना एचएफच हवी, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, थोराड विदेशी जात. दूध जास्त. ढोराचं माप न पाहता एचएफ मागणारे आबा एकटे नाहीत, आणि मागणाऱ्याला नकार न देणारा मीही एकटा नाही.

पोचलो तेव्हा पाणमोट फुटून बराच वेळ झाला होता. गाडी बाभळीखाली लावली, कंटेनर उतरवून गोठ्याच्या सावलीत ठेवला आणि सवयीने कॉक बंद केला. हात घातला तर एक पाय बाहेरच्या वाटेवर, दुसरा गुडघ्यात दुमडलेला आणि मान मागे वळलेली. दुमडलेला पाय काढता येतो. कळ ओसरली की वासरू आत ढकलायचं, खूर तळहाताच्या वाटीत धरायचा, नाहीतर तो गर्भाशय फाडतो, आणि हळूहळू सरळ करून दोरी लावायची. खांद्यापर्यंत हात आत, गायीची कळ आली की हाड मोडतंय असं वाटतं. अर्ध्या तासात पाय आला. मान येईना. बोटं जबड्यापर्यंत पोचत होती, पकड बसत नव्हती. खुराच्या बेचकीत जोरात चिमटा घेतला तेव्हा पाय मागे ओढल्यासारखा वाटला. म्हणजे जिवंत.

हे काम आता आमच्या मोठ्या डॉक्टरांचं होतं. माणूस हाताचा फार चांगला, पण तीन दवाखान्यांचा चार्ज एकट्याकडे. फोन करायचा तर वस्तीवर रेंज नाही. रेंज तीन किलोमीटरवर, फाट्याच्या टेकाडावर. मी हात काढला असता तर आणलेला पाय पुन्हा आत गेला असता.

आबांचा धाकटा पोरगा बादली धरून उभा होता. बारावीतला, सतरा पूर्ण. हा माझा जुना गिऱ्हाईक. वर्षभर दर खेपेला मागायचा, दोनदा मी त्याला कॉक बंद ठेवूनच पाठवला होता. तो म्हणाला, "डॉक्टर, गाडी द्या ना, आत्तेच जाई येस."

मी मान हलवली. आबांनीच माझ्या शर्टाच्या खिशातून किल्ली काढून त्याला दिली. फोन नंबर त्याने हातावर लिहून घेतला आणि गेला.

इथे मी अडकलो आहे. त्या क्षणी कॉक माझ्या लक्षात होता का? मी स्वतःला सांगतो की नव्हता. हात गायीत, डोळ्यांत घाम, कसली आठवण. पण गाडीचा आवाज लांब जाताना माझ्या मनात "नाल्यापर्यंत" असा शब्द आला होता, हे मला पक्कं आठवतं. तो आधी आला की नंतर जोडला गेला, ते सांगता येत नाही. ओरडलो असतो तर ऐकू गेलं असतं का, तेही नाही.

गाडी नाल्यातच बसली. नवीन गाड्यांना कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन असतं, 2020 नंतरच्या बहुतेक गाड्यांना हा कॉकच नाही. पोराच्या दोस्तांकडे सगळ्या तसल्याच. त्याला कोण सांगणार? त्याने किका मारल्या, उलट्या किकने नडगी सोलून घेतली, शेवटी गाडी तिथेच टाकून उरलेले दोन किलोमीटर त्या उन्हात पळत गेला. मोठे डॉक्टर आले तेव्हा पाच वाजायला आले होते. त्यांनी पाऊण तास झटून मान वळवली. कालवड होती, मेलेली. गाय वाचली.

डॉक्टर हात धूत म्हणाले, "बराच वेळ आधीच गेलेली दिसते." मग तो चिमटा? तो पाय ओढणं नव्हतं, नुसती गायीची कळ होती, असंही असेल. मी विचारलं नाही.

पोरगा गाडी ढकलत घेऊन आला तेव्हा नडगीचं रक्त वाळलेलं होतं. वडलांकडे न बघता मला म्हणाला, "माझ्या हातून बिघडली." आबांनी सगळ्यांदेखत त्याला घाण शिव्या दिल्या. तो पाणी प्यायला वळला, तेवढ्यात मी वाकून कॉक फिरवला. जरा थांबलो, किक मारली, गाडी चालू. कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "डॉक्टरच्या हाताला गुण आहे." मी कंटेनर चौकटीत बसवला, पट्टा आवळला आणि निघालो.

परवा त्याच गायीला माज आला म्हणून गेलो होतो. यावेळी गीरची कांडी, आबा काही बोलले नाहीत. कोमट पाण्यात कांडी धरून मी सेकंद मोजत होतो, भांडं पोरानेच धरलेलं. काम झाल्यावर त्याला गाडीपाशी नेलं. म्हटलं, बस खाली, एक गोष्ट दाखवायची आहे. टाकीखाली बोट नेलं.

"माले माहीत शे, डॉक्टर," तो म्हणाला. "चोपड्याले गॅरेजवाल्याले विचारलं होतं."

मी विचारलं, आबांना सांगितलंस का. त्याने भांड्यातलं पाणी बाभळीच्या बुंध्याशी ओतलं आणि गोठ्यात गेला. गाडी काही मागितली नाही.