पोर्टलंडच्या पेठा

अमेरिकेतल्या पोर्टलंडहून सुट्टीला कोल्हापुरात आलेय. परवा रात्री जेवणं आटोपता आटोपता मामानं विषय काढला, "ते चाकाच्या बुटांचं काय बघाय जातीस म्हणं दर शनवारी?"

तो खेळ म्हणजे रोलर डर्बी. ती तोंडानं सांगून कळत नाही, हे तीन वर्षांत मला पक्कं समजलंय. म्हणून मोठं ताट पुढं ओढलं. काठावर चार लिंबाच्या फोडी ठेवल्या, चार कांद्याच्या आणि त्यांच्या मागं दोन मिरच्या, एक हिरवी, एक लाल.

"लिंबू एक संघ, कांदा दुसरा. फोडी म्हणजे ब्लॉकर, वाट अडवणाऱ्या. मिरच्या म्हणजे दोन्हीकडच्या एकेक जॅमर, त्यांच्या हेल्मेटवर चांदणी असते. शिट्टी झाली की मिरचीनं फोडींतनं वाट काढायची. पहिल्या फेरीला गुण नाहीत. दुसऱ्या फेरीपासून समोरच्यांच्या जेवढ्या ब्लॉकरना मागं टाकशील तेवढे गुण, फेरीला जास्तीत जास्त चार. एक जॅम, म्हणजे एक डाव, दोन मिनिटांचा. पण जी मिरची नियम न मोडता आधी बाहेर पडली, ती कमरेवर हात आपटून जॅम मधेच थांबवू शकते."

मामा दोन मिनिटं ताटाकडं बघत बसला. मग म्हणाला, "कबड्डीच की. फक्त दोन्हीकडनं एकदम रेड."

इतकं नेमकं मला अजून कुणाला सांगता आलं नव्हतं.

"आणि धक्का?"

"खांद्यानं, कमरेनं. कोपर न्हाई, पाठीत न्हाई, डोक्याला तर न्हाईच. चुकली की तीस सेकंद खुर्चीवर."

"पडत न्हाईत व्हय गं पोरी?" आई आतनं.

पडतात. धाडकन पडतात आणि उठतात.

मला पहिल्यांदा नेलं ते ऑफिसातल्या एकीनं. विलामेट नदीच्या काठी ओक्स पार्क म्हणून जुनं करमणूक उद्यान आहे, तिथल्या हँगरमध्ये. हा खेळ १९३५ मध्ये लिओ सेल्त्झर यांनी शिकागोत सुरू केला. पुढं टीव्हीवर त्याचा पार तमाशा झाला, म्हणून मीही तसलंच काहीतरी असणार असं धरून गेले होते. पण आताची डर्बी वेगळी. २००० नंतर ऑस्टिनमधल्या बायकांनी ती सपाट जमिनीवर आणली, आणि लीग खेळाडूच चालवतात. पोर्टलंडची रोझ सिटी रोलर्स ही लीग २००४ ची. तिचा मुख्य संघ २०१५, २०१६, २०१८ आणि २०१९ ला डर्बीच्या आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत विजेता होता. मधल्या २०१७ च्या फायनलला मेलबर्नच्या व्हिक्टोरियानं हरवलं, ते तिथं अजून कुणी विसरलेलं नाही.

पण मला गुंतवलं ते घरच्या संघांनी. एकाच लीगमध्ये हार्टलेस हेदर्स, गन्स एन रोलर्स, हाय रोलर्स, ब्रेक नेक बेटीज. आठवडाभर एकत्र सराव करणाऱ्या पोरी शनिवारी एकमेकींना आडव्या पाडणार, आणि रंग बघून लोक बाजू घेणार. मी पेठेतली! फुटबॉलला पाटाकडील विरुद्ध शिवाजी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. फक्त आमच्या घरात पोरींना मॅचला न्यायची रीत नव्हती. शाहू स्टेडियमवरचा निकाल मला गच्चीवर कळायचा, गल्लीत फटाके वाजले की जिंकलो, सामसूम असली की हरलो. घसा बसेपर्यंत ओरडण्याची पहिली संधी मिळाली ती सात समुद्रापलीकडं, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

आता नुसती बघत नाही, कामाला जाते. एका सामन्याला पंच, गुणलेखक, घड्याळवाले मिळून डझनाच्या वर माणसं लागतात, आणि बहुतेक सगळी हौसेनं येतात. माझ्याकडं शिक्षेच्या खुर्च्यांवरचं स्टॉपवॉच आहे. खेळाडू घसरत येऊन धप्पदिशी बसते. तिच्या गुडघ्याच्या पॅडांना पावसाळ्यात न वाळलेल्या सतरंजीचा वास येत असतो. दहा सेकंद उरले की मी "स्टँड" म्हणते, ती उठते, आणि वेळ संपली की "डन" म्हणायच्या आत डोळ्यांसमोरनं गायब झालेली असते. एकदा एकीला मी दोन सेकंद जास्त बसवलं. सामना संपल्यावर तीच माझ्यासाठी फ्राइजची प्लेट घेऊन आली. सामन्यानंतर दोन्ही संघ आणि पंच एकत्र खायला जातात, तशी पद्धतच आहे. (आपल्याकडं मॅचनंतर बंदोबस्त लागतो.)

डर्बीत प्रत्येकीला टोपणनाव असतं, पंचांनासुद्धा. माझ्या शर्टावर 'ठेचा' लिहिलंय. तिथले लोक 'थेचा' म्हणतात. अर्थ सांगितल्यापासून जरा जास्तच आदर मिळतो.

हे ऐकून आई हसली आणि ताट उचलायला आली. मामानं तिचा हात अडवला. कांद्याची एक फोड बोटानं ताटाच्या आतल्या बाजूला सरकवली.

"ही हितं पाहिजे होती," तो म्हणाला. "आतनं जागा सोडलीया तुझ्या पोरींनी."