तुम्ही विचारलंत म्हणून : डाव्या हातानं लिहिणारी मुलं

चोपडा तालुक्यात मी पहिली-दुसरीला शिकवते. पालकसभेत असो की आठवडी बाजारात, आई-वडील हमखास विचारतात, "मॅडम, पोरगं डाव्या हातानं लिहितं. आताच सवय मोडायची का?"

मोडू नका. ती सवय नाहीच. पोटातलं बाळसुद्धा सोनोग्राफीत बहुधा एकाच हाताचा अंगठा चोखताना दिसतं. डाव्या हाताला मेंदूचा उजवा भाग चालवतो, उजव्याला डावा. दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतोच. भाषा कच्ची राहील ही भीतीही नको. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 पासून रुग्ण तपासून बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असल्याचं दाखवलं. दहातल्या सातेक डावखुऱ्यांचंही ते तिथंच असतं.

हाताचा परिणाम आवडीनिवडीवर मात्र होतो. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर उजव्या हाताची माणसं उजवीकडची जास्त पसंत करतात, डावखुरी डावीकडची. हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कासासांतो यांनी 2009 मध्ये दाखवलं. म्हणून वर्गात दोन चित्रांतून एक निवडायला सांगताना मी त्यांच्या जागा बदलत राहते.

खरी अडचण वहीत येते. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. उजवा हात पेन्सिल ओढत नेतो, डाव्याला ती ढकलावी लागते, शिवाय लिहिलेलं तळव्याखाली पुसटतं. मग मूल मनगट वाकडं करून वरून लिहायला लागतं आणि हात दुखतो. वही शरीराच्या थोडी डावीकडे ठेवा, वरची कड उजवीकडे कलती करा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या. शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढत असेल तर ओढू द्या. अक्षर सरळ आलं म्हणजे झालं. आणि बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवायला सांगा, कोपराला कोपर लागत नाही.

जेवण, प्रसाद उजव्या हातानं हवा असेल तर ती घरची रीत, प्रेमानं शिकवा. पण पेन्सिल धरलेल्या हातावर फटका नको, आजीनंही नाही.

एका वडिलांची काळजी वेगळीच होती : दादर ज्वारी कापायला विळा कसा धरेल? विळ्याचे दाते एकाच बाजूनं पाडलेले असतात, म्हणून डाव्या हातात तो नीट चालत नाही. गावच्या लोहाराला सांगा, दुसऱ्या बाजूनं दाते पाडून देतो. कात्रीही डावखुऱ्यांची वेगळी मिळते, तीच घ्या.