बोट कशाने बुडाली?

मच्छीमार बोटींच्या नुकसानीची पाहणी करणं हे माझं काम. रिपोर्टात 'कारण' असा दोन ओळींचा रकाना असतो आणि माझं सगळं डोकं तिथेच खर्च होतं.

दाभोळ खाडीतली ही केस. पौर्णिमेचं उधाण, त्यात वारा. मागचा दोर तुटला, बोट धक्क्यावर आपटून फळ्या उकलल्या, ओहोटीला ती दगडांवर टेकली आणि पुढच्या भरतीला उठलीच नाही. दोराचं तुटकं टोक हातात घेतलं. बाहेरचे पीळ झिजून केसाळ झालेले. आतले दोन पांढरेशुभ्र, ताणाने तटकन तुटलेले.

तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणाला, "साहेब, उधाणाने नेला. नाहीतर मोसम काढला असता त्याने."

मालक खलाशावर भडकलेला. "याने दुसरा दोर बांधला असता तर झालं असतं का हे?"

फोनवर विमा कंपनीचा माणूस: "झीज आहे ना? मग झीज लिहा."

तिघंही खरंच बोलत होते. अमुक नसतं तर तमुक झालं नसतं, ही मालकाची कसोटी तत्त्वज्ञ ह्यूमने 1748 मध्येच मांडून ठेवली आहे. पण 1963 चा सागरी विमा कायदा तेवढ्यावर भागवत नाही, त्याला 'निकटचं' कारण लागतं. खलाशी सावध असता तर नुकसान टळलं असतं, एवढ्या कारणाने भरपाई नाकारता येत नाही. नेहमीची झीज मात्र सहसा भरून मिळत नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतात, कुंभाराचं गाढव माती वाहतं, तरी ते घड्याचं कारण नव्हे, अन्यथासिद्ध, म्हणजे सोबत असलेलं पण कारणात न धरायचं. ठीक, पण इथे गाढव कुठलं न् चाक कुठलं, हे ठरवायला धक्क्यावर मी एकटाच!

बीएस्सीचं फिजिक्सही कामी येईना. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1912 मध्ये म्हटलंच होतं की गुरुत्वाच्या गणितात कुणी कारण नसतं, कुणी कार्य नसतं, असतं ते फक्त सूत्र. चंद्र पाण्याला ओढतो, पाणी चंद्राला. सापेक्षता फार तर हद्द आखून देते, प्रकाशापेक्षा वेगाने काहीच पोचत नाही: दोर तुटण्याआधीच्या शेवटच्या आठ मिनिटांत सूर्यावर काहीही झालं असतं, तरी त्याची झळ दोराला पोचली नसती. त्याआधीचं सगळं विश्व मात्र संशयित.

शेवटी आधार मिळाला तो 'इकारिया' जहाजाच्या खटल्याचा. 1915 मध्ये टॉर्पेडो लागलेलं हे जहाज कसंबसं बंदरात आणलं, वादळामुळे जागा बदलावी लागली, तिथे दर ओहोटीला तळ टेकत टेकत ते मोडलं. 1918 च्या निकालात कारण धरलं ते टॉर्पेडोच. वेळेने जवळचं ते निकटचं कारण नव्हे, जोराने जवळचं ते. त्यातच एक न्यायाधीश, लॉर्ड शॉ, म्हणाले, कारणांची साखळी नसते, जाळं असतं. रसेलपेक्षा हा माणूस मला जास्त पटतो. त्याला निकाल द्यायचा होता.

मी लिहिलं: "उधाण व वारा यांमुळे बोटीचं नुकसान. झीज दोराची, दोराची किंमत वजा करावी."

कंपनीने मानलं. मालक दोराच्या पैशांवरून अजून कुरकुरतो.