सतरावं गाणं

मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा

नववीतली ती मुलगी आज पुन्हा वाचायला तयार होईना. फ्रेंचचा धडा अगदी सोपा, पाववाल्याच्या दुकानातला संवाद. तिची क्रियापदं बिनचूक असतात, वही बघत राहावी अशी, पण मोठ्यानं वाच म्हटलं की मान खाली. शेवटी बाकीच्या चपला घालत होत्या तेव्हा पुटपुटली, "मॅडम, माझा र मराठीच येतो. सगळे हसतात."

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करताना घशात जिथं खळखळतं तिथं फ्रेंच र, हे मी इतक्या वर्षांत किती पोरांना सांगितलं असेल! आज ते सांगावंसं वाटलं नाही. मला माझीच शाळा आठवली. साताऱ्याकडच्या गावातून पाचवीत पुण्यात आले आणि पहिल्याच दिवशी "पानी प्यायला जाऊ का?" म्हणाले. 'पाणी' म्हणायला शिकले, पण त्यानंतर वर्षभर वर्गात तहान लागली तरी बसून राहिले. पुढं कितीतरी वर्षांनी एका मुलाखतीत एक गृहस्थ हसून म्हणाले, तुमच्या फ्रेंचमध्ये मराठी ऐकू येतं. नोकरी मिळाली नाही. ते वाक्य मात्र घरी आलं आणि राहिलंच.

जेवणं झाल्यावर पोरांना ऐकवायला एखादं सोपं फ्रेंच गाणं शोधत यूट्यूबवर बसले आणि १९७८च्या युरोव्हिजन गीतस्पर्धेपाशी पोचले. २२ एप्रिलला पॅरिसमध्ये झालेली, वीस देशांची, प्रत्येकाचं एक गाणं. गायच्या क्रमात सतरावं लक्झेंबर्गचं गाणं, 'पार्ले-व्हू फ्रांसे?' म्हणजे, तुम्हाला फ्रेंच येतं का? गायिका दोघी, बाकारा नावाची जोडी. माइते मातेओस आणि मारिया मेंदिओला. दोघीही स्पॅनिश!

मी थांबवून पुन्हा पाहिलं. स्पेनच्या दोन नर्तकी, गाणं जर्मनीत रॉल्फ सोया या संगीतकारानं रचलेलं, झेंडा लक्झेंबर्गचा, आणि भर पॅरिसमध्ये उभं राहून लोकांना विचारताहेत की फ्रेंच येतं का. आपल्याकडं कुणी सदाशिव पेठेत येऊन "मराठी जमतं ना?" असं विचारून दाखवावं.

यात लबाडी काही नव्हती, नियमच तसा होता. १९७७ ते १९९८ या काळात ज्या देशाचं गाणं, त्या देशाच्या भाषेतच म्हणावं लागे, आणि लक्झेंबर्गमध्ये फ्रेंच चालतंच. त्याआधी चार वर्षं मोकळीक होती. त्या मोकळिकीत १९७४ साली स्वीडनचा आबा हा गट इंग्रजीत गाऊन जिंकला. पण गायक त्याच देशाचा हवा, असं कुठंच म्हटलेलं नाही. लक्झेंबर्गची वस्ती तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास, तेवढ्यातून दरवर्षी गायक कुठून काढणार! त्यांनी ही स्पर्धा पाच वेळा जिंकली आणि पाचही विजेते बाहेरचेच, चार फ्रेंच आणि एक ग्रीक. उसन्या पाहुण्यांवर कार्य साजरं करणारं घर असतं ना, तसं.

या दोघी स्पॅनिश दूरदर्शनच्या नृत्यपथकात होत्या. तिथून बाहेर पडून फुएर्तेवेंतुरा बेटावर जर्मन पर्यटकांसमोर नाचत-गात असताना एका ध्वनिमुद्रिका कंपनीच्या माणसानं त्यांना हेरलं. बाकारा हे एका गुलाबाचं नाव. एकीनं पांढरं नेसायचं, दुसरीनं काळं, अशी त्यांची रीत. १९७७ साली 'येस सर, आय कॅन बूगी' हे त्यांचं इंग्रजी गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तेही स्पॅनिश वळणाच्या इंग्रजीत. आणि खरं सांगायचं तर ते गाणं या फ्रेंच गाण्यापेक्षा दसपट चांगलं आहे. यातले शब्द म्हणजे नुसती सुट्टी, उन्हाळा, प्रेम, आणि त्याला फ्रेंच येत असलेलं बरं. पर्यटन खात्याची जाहिरातच म्हणा ना. चाल मात्र डोक्यातून जात नाही.

७३ गुण, सातवा क्रमांक. योग्यच दिला. गंमत म्हणजे स्पेनचा स्वतःचा गायक नववा आला. यांच्या लगेच पुढचं, अठरावं गाणं इस्रायलचं, आणि तेच जिंकलं. जॉर्डन तेव्हा इस्रायलला मानत नव्हता; त्याच्या दूरदर्शननं ते गाणं चालू असताना पडद्यावर फुलं दाखवली, आणि नंतर दुसऱ्या आलेल्या बेल्जियमलाच विजेता जाहीर करून टाकलं! नॉर्वेच्या बिचाऱ्याला शून्य. त्याच्यावर वेगळं लिहायला हवं कधीतरी.

पण मी ऐकत होते ते उच्चार. पहिल्यांदा सवयीनं, लाल पेन हातात असल्यासारखं. पॅरिसच्या म्हणून खपतील असे ते नाहीत. दुसऱ्यांदा ऐकताना पेन खाली ठेवलं. दोघींना त्याची फिकीर दिसत नाही. त्या हसताहेत, पावलं अचूक पडताहेत, आणि प्रश्न त्याच विचारताहेत. समोरच्यानं उत्तर द्यायचं. मी आयुष्यभर या प्रश्नाच्या उत्तर देणाऱ्या बाजूला उभी राहिले, तेही घसा खाकरून.

पुढं त्यांचं बिनसलं, दोघींनी आपापली 'बाकारा' काढली. २०२० साली स्कॉटलंडचा फुटबॉल संघ सर्बियाला हरवून युरो स्पर्धेत पोचला, तेव्हा खेळाडू याच दोघींच्या इंग्रजी गाण्यावर नाचले आणि त्रेचाळीस वर्षांपूर्वीचं ते गाणं पुन्हा ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरलं. मारिया २०२१च्या सप्टेंबरात गेली.

गुरुवारी वर्गात लावणार आहे. गायिका कुठल्या, ते आधी सांगायचं नाही. ऐकून झाल्यावर त्या मुलीला विचारायचं की यांचा र तुला कसा वाटला. तिनं नाही सांगितलं तर नाही. परीक्षेत तोंडीचे गुण आहेतच, आणि परीक्षक काही माझ्यासारखे रात्री गाणी ऐकत बसलेले नसतात, हेही मला माहीत आहे.

मघाशी आईचा फोन येऊन गेला. "नळाला पानी आलं का गं?" आलं म्हटलं.

आत्ता ओटा पुसताना ती ओळ म्हणून पाहिली. एकदा घशातून, एकदा सरळ जिभेवरून, जरा मोठ्यानंच. पार्ले-व्हू, पार्ले-व्हू. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "पार्ले संपलाय. उद्या आणतो."